तपासून पाहण्याचे मान्य

रुळाखालची ती मोरी मी पहिल्यांदा पाहिली २०१६ च्या जुलैत, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात साडीच्या निऱ्या धरून. माझं काम खरं तर टेबलावरचं. महापालिकेच्या सचिव विभागात मी लिपिक म्हणून लागले आणि अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. मधली सगळी वर्षं ठराव, गोषवारे आणि इतिवृत्तं लिहिण्यात गेली. पण त्या दिवशी संयुक्त पाहणी होती, इतिवृत्त मला लिहायचं होतं, आणि नगरसचिव साहेब म्हणाले होते, "जागा बघून या, नाहीतर लिहिताना नाला डावीकडचा उजवीकडे जाईल."

कुठली महापालिका ते लिहीत नाही. ठाणे खाडीला दोन काठ आहेत, एका काठावर ठाणे आणि दुसऱ्यावर नवी मुंबई, आणि रूळ दोन्हीकडे आहेत. एवढ्यावर समाधान मानावं.

मोरी दोन गाळ्यांची. त्यातला एक गाळा गाळानेच अर्धा भरलेला. अलीकडे वस्ती, पलीकडे तिवरं आणि त्यापलीकडे खाडी. पावसाचं पाणी खाडीकडे जायला वाट ही एवढीच, आणि भरतीच्या वेळी तीच वाट उलटी चालते. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि धो धो पाऊस एकत्र आले की पाणी तुंबतं असं आम्ही कागदावर लिहायचो. तिथे गेल्यावर दिसलं की ते तुंबत नाही, मागे येतं. एका घराच्या भिंतीवर निळ्या ऑइल पेंटने आडव्या रेघा मारलेल्या होत्या, प्रत्येक रेघेशेजारी वर्ष. सगळ्यात वरची रेघ २००५ ची, माझ्या खांद्याच्या वर. तिथल्या आजी म्हणाल्या, "खडूनं मारायचो आधी. पाणी ओसरलं की खडूपण जायचा."

पाहणीला सात माणसं होती आणि ती पाच कार्यालयांची. वरचा नाला औद्योगिक वसाहतीतून येतो. मग तो राज्याच्या एका रस्त्याखालून जातो. मग वस्तीतला तुकडा आमचा. मोरी रेल्वेची. मोरीपलीकडची पट्टी, आमच्या समजुतीप्रमाणे, नियोजन प्राधिकरणाची. प्रत्येकाने आपापल्या हद्दीतला नाला साफ असल्याचं सांगितलं, आणि खोटं कुणीच बोलत नव्हतं. प्रभागाचे नगरसेवक गावठाणातले, अनवाणीच पाण्यात उभे होते. ते मला म्हणाले, "मॅडम, पान्याला हद्द दाखवायला आता कोनाला पाठवू?" मी ते लिहून घेतलं नाही. इतिवृत्तात असली वाक्यं बसत नाहीत.

आमच्याकडे यासाठीच एक समिती होती. महासभेने ठराव करून नेमलेली विशेष समिती, नाव लांबलचक: शासकीय, निमशासकीय व इतर प्राधिकरणांशी समन्वय साधणेबाबत. कार्यालयात तिला सगळे 'पत्र समिती' म्हणायचे, कारण तिच्या हातात पत्र लिहिण्यापलीकडे काही नव्हतं. स्थायी समितीचं तसं नसतं. तिच्यात सोळा सदस्य, तिजोरीची किल्ली त्यांच्याकडे, म्हणून बैठकीला झाडून सगळे हजर. पत्र समितीला गणसंख्येसाठी मी फोन करत बसायची. दोन बैठका तर चहा आला, बिस्किटं आली, सदस्य आले नाहीत म्हणून तहकूब.

बाहेरच्या माणसाला वाटतं की महापालिका म्हणजे शहराचं सरकार. असेलही, पण घरात वडील दुसरेच. आयुक्त राज्य शासन नेमतं. आम्ही ज्याला अजूनही बीपीएमसी ॲक्ट म्हणतो, त्या महापालिकांच्या १९४९ च्या अधिनियमातलं कलम ४५१ असं की महासभेने केलेला ठराव शासन निलंबित करू शकतं, विखंडित म्हणजे रद्दही करू शकतं. 'विखंडित' हा शब्द बाहेर मी कुणाच्या तोंडून ऐकला नाही. आमच्याकडे तो चहाइतका रुळलेला. ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली, बाराव्या अनुसूचीत शहरांसाठी अठरा विषयांची यादी आली, भाषणं झाली. पण यादी आली म्हणून रूळ किंवा तिवरं आमच्या नावावर होत नाहीत. आणि पैशाचं म्हणाल तर जकात गेली, उपकर गेला, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला आणि तोही गेला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यापासून दर महिन्याला राज्याकडून भरपाईचं अनुदान येतं. लेखा विभागातली माणसं ते जमा झालं का, हे पगाराच्या माणसासारखं बघायची. ज्याच्याकडून महिन्याला पैसे येतात त्याला पत्र कोणत्या आवाजात लिहायचं, हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही.

तरी पत्र लिहिणं ही विद्या आहे, आणि ती मला नगरसचिव साहेबांनी शिकवली. माझी पहिली पत्रं अशी असायची: विषय नालेसफाई, मोरी रुंद करणे, रस्त्याखालचा पाइप बदलणे आणि अतिक्रमण. सगळं एकाच पत्रात, दीड पान. साहेबांनी ते वाचलं आणि विचारलं, "चार प्रश्न विचारलेत. उत्तर कुठल्याचं येईल?" मला कळेना. "सगळ्यात सोप्याचं. आणि मग त्यांच्या दप्तरी तुमचं पत्र निकाली." त्यानंतर एका पत्रात एकच मागणी. प्रत कुणाकुणाला द्यायची हाही एक डावच. 'माहितीस्तव' म्हणून वरिष्ठाला प्रत दिली की खालचा माणूस दुखावतो, नाही दिली तर पत्र महिनाभर आवकच्या ट्रेमध्ये. तीन स्मरणपत्रांनंतर अर्धशासकीय पत्र, म्हणजे अधिकाऱ्याने अधिकाऱ्याला नावाने लिहिलेलं. ते आयुक्तांच्या सहीने जायचं आणि फार जपून वापरायचं. दर महिन्याला पाठवलं की त्याचंही स्मरणपत्रच होतं.

आता त्या इतिवृत्ताची गोष्ट.

नोव्हेंबरमध्ये पत्र समितीची बैठक झाली. सभापतींच्या दालनात रेल्वेचे एक वरिष्ठ अभियंता आले होते. शांत माणूस, वही घेऊन आलेला. आमच्या कार्यकारी अभियंत्यांनी नकाशा उलगडला, पाण्याच्या उंचीचे आकडे सांगितले, मोरीला आणखी एक गाळा हवा असं मांडलं. त्या साहेबांनी नकाशा बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "ठीक है, देख लेते हैं." सभापती खूश. सदस्यांनी बाकं वाजवली. मी त्या रात्री घरी बसून लिहिलं: 'मोरीचा विस्तार करण्याचे रेल्वे प्रशासनाने मान्य केले.'

पंधरा दिवसांत उत्तर आलं. अतिशय सभ्य पत्र. असं काहीही मान्य केलेलं नाही, सबब इतिवृत्तात दुरुस्ती करावी. सभापती माझ्यावर तापले. एक सदस्य म्हणाले, दुरुस्ती करूच नका, ते सगळ्यांसमोर बोललेत. मला वाटलं, झालं, आता हे दार बंद.

नगरसचिव साहेबांनी मला बसवलं, चहा मागवला. म्हणाले, "देख लेते हैं म्हणजे काय?"

"बघू."

"मग 'बघू' लिहा. शासकीय मराठीत."

अर्धा तास आम्ही एका क्रियापदावर घालवला. 'पाहण्यात येईल' हे फारच ढिलं. 'विचार करण्यात येईल' म्हणजे नकार, हे सगळ्या कार्यालयांना माहीत आहे. 'सकारात्मक विचार' म्हणजे थोडा गोड नकार. शेवटी लिहिलं: 'मोरीच्या विस्ताराची तांत्रिक शक्यता तपासून पाहण्याचे मान्य केले.' साहेबांनी 'तांत्रिक शक्यता'खाली पेन्सिलीने रेघ मारली. दुरुस्त इतिवृत्त गेलं, आणि यावेळी हरकत आली नाही.

मला ते पराभवासारखं वाटलं होतं. सभापतींना तर नक्कीच. त्यांनी पुढची बैठक दीड महिना लावली नाही. पण 'तपासून पाहणं' ही रेल्वेतही एक पायरीच असते. तपासायचं तर सर्वेक्षण हवं. सर्वेक्षणाला मागणी करणाऱ्याने शुल्क भरायचं. शुल्क भरलं की फाइलला त्यांच्याकडे क्रमांक पडतो, आणि क्रमांक पडला की ती त्यांचीही फाइल होते. आमचं जुनं वाक्य त्यांनी कधीच मान्य केलं नसतं आणि मी ते अभिमानाने कपाटात जपलं असतं. हे मिळमिळीत वाक्य मात्र चाललं. पुढच्या एप्रिलमध्ये त्यांचे दोन सर्वेक्षक मोरीवर टेप घेऊन उभे असल्याचा फोन नगरसेवकांनीच केला, "आलेत, आलेत," असा.

इथवर माझी बढाई. आता माझी चूक.

मोरीपलीकडची पट्टी नियोजन प्राधिकरणाची, असं पहिल्या पाहणीत कुणीतरी म्हणालं होतं. मी तेच इतिवृत्तात लिहिलं आणि तेच धरून नऊ महिने पत्रं पाठवली. स्मरणपत्र एक, दोन, तीन, अर्धशासकीय. उत्तर नाही. मी त्यांना मनात काय काय बोलले ते जाऊ द्या. मग मालमत्ता विभागातल्या एका तरुण मुलाने सहज विचारलं, "मॅडम, सातबारा काढलाय का?" काढला नव्हता. ज्या बाईने आयुष्यभर लोकांना 'सोबत सातबारा जोडावा' असं लिहिलं, तिने स्वतः काढला नव्हता. काढला, तर इतर हक्कांच्या रकान्याशी पोचायचीही गरज पडली नाही. जमीन केव्हाच वनविभागाकडे गेलेली. शासकीय जमिनींवरची तिवरं राखीव वन म्हणून अधिसूचित झाली होती, त्यांची देखभाल कांदळवन कक्षाकडे (कांदळवन म्हणजे तिवरांचंच रान) होती, आणि मी भलत्याच दारावर कडी वाजवत होते. नऊ महिने. मधे एक पावसाळा गेला. भिंतीवर एक निळी रेघ वाढली.

तिवरांचा मामला वेगळाच. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्येच तिवरं तोडायला मनाई केली होती आणि सप्टेंबर २०१८ च्या निकालाने ती पक्की झाली. तिवरांभोवती ५० मीटरचा पट्टा मोकळा, आणि सार्वजनिक हिताचं काम असलं तरी न्यायालयाची परवानगी. मोरी वाढवायची तर तोंडाशी थोडी तिवरं जाणार. म्हणजे आधी किनारपट्टी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण, मग वनविभाग, मग न्यायालय. आमच्यातले काही सदस्य यावर फार चिडायचे. झाडं महत्त्वाची की माणसं, असं एकाने बैठकीत विचारलं. मला ते पटत नव्हतं. निळ्या रेघांच्या त्या आजी स्वतः म्हणाल्या होत्या की तिवरं नसती तर खाडीच घरात आली असती. नियम जाचक नव्हता, आम्हीच त्याच्या दारात उशिरा पोचलो होतो. न्यायालयाचा भाग वकिलांनी सांभाळला. मी प्रती काढल्या, पानांना क्रमांक घातले, आणि एक नकाशा उलटा जोडला तो वेळेवर लक्षात आला.

मंत्रालयात मी चारदा गेले. पासच्या रांगेत उभं राहायचं, मग लिफ्टच्या, मग कक्ष अधिकाऱ्यांच्या टेबलासमोर. तिथे आमच्यासारख्या कितीतरी महापालिकांची माणसं हातात नस्ती, म्हणजे फाइल, घेऊन बसलेली. एकजण विदर्भातून रात्रीच्या गाडीने आलेला. मी लोकलने आले होते म्हणून मला लाजच वाटली. काम काय, तर नगरविकास विभागाने सगळ्या खात्यांची एकत्र बैठक लावावी. आम्ही बोलावलं की कनिष्ठ अभियंता येतो, सचिवांनी बोलावलं की अधीक्षक अभियंता येतो. बैठकीची तारीख मागायला तीन फेऱ्या लागल्या.

चौथी फेरी लागलीच नसती, पण अधिवेशन आलं. आमदारांनी त्या मोरीवर तारांकित प्रश्न टाकला. ज्यांनी सरकारी कार्यालयात अधिवेशनाचे दिवस काढलेत त्यांना सांगायला नको. संध्याकाळी पाचला ईमेल: माहिती आजच्या आज. रात्री नऊपर्यंत कुणी घरी जात नाही. वर्षभर ज्या कार्यालयांनी एक ओळ लिहिली नव्हती, त्यांचे अहवाल एका दिवसात, नकाशांसकट, शहर अभियंत्यांच्या ईमेलवर. त्यातूनच आम्हाला पहिल्यांदा कळलं की रेल्वेचं अंदाजपत्रक तयार होऊन दोन महिने झाले होते. मी तेव्हापासून नव्या मुलांना सांगायची, अधिवेशनाचं वेळापत्रक पंचांगाशेजारी लावा. पत्राला जे जमत नाही ते तारांकित प्रश्नाच्या भीतीला जमतं. पण हे शस्त्र आमदारांचं. नगरसेवक आणि आमदार एका पक्षाचे नसले, किंवा एका पक्षाचे असून एकमेकांशी बोलत नसले, तर उपयोग शून्य. दुसरा प्रकार पहिल्यापेक्षा जास्त पाहिला.

अंदाजपत्रक आलं आणि स्थायी समितीत दंगा. काम डिपॉझिट वर्क म्हणून होणार, म्हणजे काम रेल्वे करणार, पैसे आधी आम्ही भरायचे. आणि खाली ओळ: खात्याचा आकार, म्हणजे रेल्वेचं शुल्क, साडेबारा टक्के. एक सदस्य उठले, "साडेबारा टक्के? यांचीपण जमीन गेली का?" सभागृह हसलं. खाडीकाठच्या माणसाला साडेबारा टक्के म्हटलं की प्रकल्पग्रस्तांना मिळणारा भूखंडच आठवतो, दुसरं काही नाही. मग गंभीर प्रश्न: मोरी त्यांची, रूळ त्यांचे, पैसे आम्ही का द्यायचे? आयुक्तांनी उत्तर थोडक्यात दिलं. रुळावर पाणी येत नाही, घरात येतं. त्यांच्या दृष्टीने मोरी पुरेशी आहे, आपल्या दृष्टीने नाही, तेव्हा ज्याला गरज त्याने खर्च. हे ऐकायला बरं वाटत नाही, पण चूक नव्हतं. ठराव झाला. सूचक तेच, साडेबारा टक्क्यांवर विनोद करणारे. कुणी विखंडित केला नाही.

रक्कम भरली, आणि समितीची मुदत संपली. समितीचीच नाही, सभागृहाचीच. नवी मुंबईत २०२० च्या मे महिन्यात आणि ठाण्यात २०२२ च्या मार्चमध्ये प्रशासक आले. निवडणुका लांबत गेल्या. यातलं आमचं साल कुठलं ते वर सांगितल्याप्रमाणे सांगत नाही. पत्र समितीचा अंतिम अहवाल असा कधी झालाच नाही. मी तिच्या नस्त्या लाल फितीत बांधल्या, वर यादी चिकटवली. गंमत अशी की प्रशासक काळात पत्रं लवकर निघायला लागली, कारण विचारायचं कुणालाच नव्हतं. पण "आलेत, आलेत" असा फोन करणारंही कुणी उरलं नव्हतं. पाणी कुठवर आलं हे आम्हाला व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोंतून कळायचं.

काम झालं. रुळांना खालून गर्डरचा आधार द्यायचा, गाड्या हळू सोडायच्या, आणि बाजूला ओतलेला काँक्रीटचा चौकोनी डबा जॅकने ढकलत ढकलत रुळाखाली न्यायचा. रविवारच्या मेगाब्लॉकमध्ये मोठं काम. मी एका रविवारी मुद्दाम पाहायला गेले. डबा हलतोय असं दिसतच नाही. कडेला एक मुकादम डब्यावर खडूने खूण करून बसला होता, दर थोड्या वेळाने खूण पुढे सरकलेली दिसायची. त्याने मला विचारलं, "तुम्ही इथल्याच का ताई?" मी म्हटलं, "हो, म्हणजे तशी."

मग मी निवृत्त झाले.

गेल्या पावसाळ्याआधी माझ्या जागी आलेल्या मुलीचा फोन आला. नव्या गाळ्यात गाळ साठायला लागला होता. रेल्वेने विचारलं होतं की तो काढायचा कुणी. डबा रुळाखाली आहे पण पैसे पालिकेचे, आणि गाळ आहे खाडीचा. "ताई, यावर आधी काही ठरलं होतं का? कुठल्या नस्तीत असेल?"

मला नस्ती आठवत होती, पानाला लावलेली खुणेची पताकाही. नोव्हेंबरच्या त्या बैठकीचं दुरुस्त इतिवृत्त, पान तीन. तिने फोन तसाच चालू ठेवून फीत सोडली, पानं उलटली आणि शेवटचा परिच्छेद मोठ्याने वाचला. मीच लिहिलेला: 'काम पूर्ण झाल्यानंतरच्या देखभालीबाबत स्वतंत्र बैठकीत निर्णय घेण्याचे ठरले.'

"मग त्या बैठकीचं इतिवृत्त?" तिने विचारलं.

ती बैठक लावायची राहिली होती. मी तिला म्हटलं, आधी सातबारा काढ, आणि पत्रात एकच प्रश्न विचार.